फ्लॅटमधल्या टाकीत मँटिस श्रिंप: गोव्यात राहून कसा पाळायचा आणि बोटं कशी सांभाळायची

मालीमच्या जेटीवर पहाटे ट्रॉलर लागले की नुस्तें, म्हणजे मासळी, निवडताना एक ढीग बाजूला पडतो. त्यात बारीक कुर्ल्या, फाटक्या शेपट्यांची मासळी आणि चपटे, राखाडी, काटेरी शेपटीचे लांबट प्राणी असतात. या शेवटच्यांना धंद्यात ‘स्क्विला’ म्हणतात. हा आपल्याकडचा मँटिस श्रिंप. चार वर्षांपूर्वी मी त्यातला एक जिवंत मागितला तेव्हा निवडणारी बाई हसत म्हणाली, “हें कित्याक व्हरता? कोण खायना हें.” पैसेही घेतले नाहीत. बादलीतून तो फोंड्याला आला आणि दुसऱ्या रात्री मेला.

त्यानंतर दुसरा आणला, तोही गेला. कसा, ते पाण्याच्या मुद्द्यात सांगतो. तिसरा, मोरपंखी रंगाचा पीकॉक मँटिस, आता तीन वर्षं आमच्या हॉलमध्ये राहतो. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “काच फोडतो म्हणे?” आजवर काचेला ओरखडाही नाही. जे काही बिघडलं ते स्वयंपाकघरातल्या आणि प्लगमध्ये लावलेल्या वस्तूंमुळे बिघडलं. म्हणून या लेखात त्याच्या पुढच्या पायांच्या प्रसिद्ध ठोशाला तुम्हाला वाटेल त्यापेक्षा कमी जागा आहे.

१. आधी कोणता, ते ठरवा

नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नव्हे. स्टोमॅटोपॉड हा वेगळाच गण आहे आणि त्यात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोन प्रकार, ठोसेवाले आणि भालेवाले. ठोसेवाल्यांच्या पुढच्या पायाचं कोपर गदेसारखं जाड असतं. ते शिंपले आणि खेकडे फोडून खातात. भालेवाल्यांच्या पायाला काट्यांची कंगवी असते. ते वाळूत दडून बसतात आणि वरून जाणारा मासा भोसकतात.

जेटीवरचे बहुतेक सगळे भालेवाले. चिखलाच्या तळात खोल बीळ करणारे, ट्रॉलच्या जाळ्यात तासन्‌तास दबलेले, मग डेकवर उन्हात पडलेले. जिवंत दिसला तरी आतून संपलेला असतो. फुकट मिळतो म्हणून आणू नका, मी आणून पाहिलाय.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने लहान ठोसेवाला घ्यावा. गोनोडॅक्टिलस वंशातले पाच-सात सेंटीमीटरचे हिरवट प्राणी काटक असतात आणि ५०-६० लिटरच्या टाकीत सुखाने राहतात. पीकॉक, म्हणजे ओडोन्टोडॅक्टिलस सायलारस, १८ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. त्याला १२० लिटर तरी हवेत, आणि कवचाच्या रोगाबाबत तो नाजूक आहे. दिसायला मात्र त्याला तोड नाही, हे कबूल करतो.

कोणताही घेतलात तरी टाकीत तो एकटाच राहील. “एखादा निमो सोबतीला चालेल का?” हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. चालेल, रात्रीपर्यंत.

२. सामान आणि कागद

सगळं आधी जमवा, प्राणी सर्वांत शेवटी. मला लागलेलं सामान हे:

- टाकी आणि घट्ट बसणारं झाकण
- तळाला घालायला ५-६ मिलिमीटर जाडीचा अॅक्रिलिकचा पत्रा
- समुद्री टाकीसाठीचं मीठ (खायचं मीठ किंवा खडेमीठ नव्हे)
- रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायला), टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), थर्मामीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि तांबं तपासायचे किट
- टांगता फिल्टर, छोटा पॉवरहेड (पाणी हलतं ठेवणारा पंप), शक्यतो प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र)
- वेगवेगळ्या मापांचे पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टोपणं
- ३० सेंटीमीटरचा प्लॅस्टिकचा चिमटा, मोठ्या तोंडाची जाड पारदर्शक बरणी, काच घासायचं चुंबक
- बॅटरीवर चालणारा एअरपंप
- दोन वेगळ्या रंगांचे २० लिटरचे कॅन

कागद फारसे नाहीत, पण दुकानाचं पक्कं बिल घ्या. त्यावर जातीचं नाव आणि तारीख लिहून मागा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी सांगा. वाळू, दगड, स्टँडसकट १२० लिटरची टाकी पावणेदोनशे-दोनशे किलोंपर्यंत जाते. ती खोलीच्या मधोमध न ठेवता बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवा.

एक कायद्याची गोष्ट. किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा तुकडा किंवा डायव्हिंगला गेल्यावर ग्रँड आयलंडजवळचा ‘छान दगड’ उचलून टाकीत घालायचा मोह होतो. तो टाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. मेलेलं प्रवाळसुद्धा प्रवाळच. बाजारात सिरॅमिकचे आणि सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात, जिवाणूंना तेवढे पुरतात.

३. टाकी आणि बीळ

ठोशाचं एकदाच सांगून टाकतो. पीकॉकच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे, तोही पाण्यात. त्या वेगाने पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा दुसरा तडाखा बसतो. नेम चुकला तरी भक्ष्य सुन्न होऊ शकतं. १९९८ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात ‘टायसन’ नावाच्या पीकॉकने टाकीची काच फोडल्याची बातमी गाजली होती. सगळे पाहुणे त्याच बातमीची नातवंडं.

घरी काच क्वचितच फुटते. लहान जातींना साधी काच पुरते. पीकॉकसाठी १० मिलिमीटर काच किंवा अॅक्रिलिकची टाकी घ्या. धोका समोरच्या काचेपेक्षा तळाला जास्त, कारण तो वाळू उकरत खाली जातो आणि तळ लागला की ठोकतो. म्हणून आधी अॅक्रिलिकचा पत्रा, मग त्यावर दगड, मग वाळू. दगड वाळूवर ठेवलेत तर तो खालून उकरेल आणि ढीग त्याच्याच अंगावर कोसळेल. काचेचा हीटर घालूच नका. एक तर तो फोडेल, आणि दुसरं म्हणजे गोव्यात त्याची गरज नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीतही पाणी २४ अंशांच्या खाली क्वचित गेलंय.

बीळ म्हणजे त्याचं घर. ते मनासारखं नसेल तर तो रात्रभर दगड ओढत राहतो, खात नाही, रोगट होतो. पाइपचा व्यास त्याच्या अंगापेक्षा थोडा मोठा, आत वळून उलटं फिरता येईल इतका असावा. लांबी अंगाच्या दुप्पट किंवा अधिक. दोन एल्बो लावून इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करा, दोन्ही तोंडं वर, मधला भाग वाळूत पुरलेला आणि आत काळोख. पाइप नवा असेल तर आठवडाभर पाण्यात भिजत ठेवा. जोडायला सोल्युशन वापरू नका, एल्बो नुसते घट्ट बसतात. पहिल्या वेळी मी पाइप एका बाजूने काचेला टेकवला होता, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. त्याने तीन दिवसांत ती बाजू शिंपल्यांच्या तुकड्यांनी लिंपून टाकली. हरकत नोंदवून घेतली.

दिवे मंद ठेवा. पीकॉक मूळचा जरा खोल पाण्यातला. झगझगीत उजेड आणि उघडं बीळ यांमुळे त्याच्या कवचावर तपकिरी-काळे खड्डे पडायला लागतात. तो रोग एकदा वाढला की कात टाकताना जीव जातो. डोळे म्हणाल तर आपल्याकडे रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, यांच्याकडे प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे बारा ते सोळा. तरी रंगांतला बारीक फरक त्यांना आपल्याइतका कळत नाही, असं २०१४ च्या प्रयोगांत दिसलं. तेव्हा त्याच्यासाठी रंगीत एलईडी लावायचा खर्च वाचवा.

४. पाणी (इथेच माझा दुसरा मेला)

गोव्यात राहणाऱ्याला वाटतं, समुद्र तर दाराशी आहे, चार कॅन भरून आणू. मिरामारचं पाणी म्हणजे मांडवीच्या मुखाचं पाणी. जून लागला की नदीचं गोडं पाणी उतरतं आणि खारेपणा कोसळतो. त्यात होड्यांचं डिझेल आणि पावसाने धुऊन आणलेलं सगळं. हिवाळ्यात तेच पाणी स्वच्छ दिसतं, तरी त्यातून काय घरात येतंय हे तुमच्या हातात नसतं. विकतचं मीठ आणि शुद्ध पाणी, एवढंच वापरा.

मिठाचं माप लिटरला साधारण ३५-३६ ग्रॅम. घनता १.०२४ ते १.०२६, तापमान २४ ते २८ अंश, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट २० च्या आत ठेवा. पाणी आदल्या दिवशी कालवून, एअरपंप लावून ठेवा. मीठ विरघळल्या विरघळल्या ओतू नका.

आता शुद्ध पाण्याची गोष्ट. नळाचं पाणी हलकं आहे म्हणून थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतो. मी घरच्या आरओचं पाणी वापरत होतो, सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या मँटिसला आठ महिने झाले होते. बोटाएवढा, गर्द हिरवा, संध्याकाळी बायको भाजी निवडायला बसली की बिळाच्या तोंडाशी येऊन तिच्याकडे बघायचा. दिवाळीत जुना प्युरिफायर बदलून नवा आला. पंधरा दिवसांनी नेहमीप्रमाणे पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिळाबाहेर होता, जे तो उजेडात कधीच करत नसे. कुशीवर पडलेला. पोटाखालचे पोहायचे पाय एरवी एका लयीत, वाऱ्यावर भात हलतं तसे हलतात. ते आता एकेक, कसेही फडफडत होते. डोळे अजून फिरत होते. दुपारी तेही थांबले.

अमोनिया शून्य, मीठ बरोबर, तापमान बरोबर. मग माझी नजर प्युरिफायरच्या दारावरच्या स्टिकरकडे गेली. ‘तांब्याचे गुण असलेलं पाणी.’ माणसाला ते मानवतं, पूर्वापार आपण तांब्याच्या कळशीतलं पाणी पितो. कवचधारी प्राण्यांना मात्र तांबं फार थोड्या प्रमाणातही विष आहे. त्यांच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा रेणूच तांब्याचा असतो हे खरं, पण पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं त्यांना झेपत नाही. किट आणून तपासलं. टाकीत तांबं होतं.

तेव्हा हे नीट करा:

- प्युरिफायरमध्ये तांब्याचं किंवा ‘मिनरल’चं कार्ट्रिज आहे का ते बघा. असेल तर सर्व्हिसवाल्याकडून मेम्ब्रेननंतर (पाणी गाळणारा पडदा), कार्ट्रिजच्या आधी वेगळी तोटी काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.
- त्या तोटीच्या पाण्याचा टीडीएस शून्य ते पाच-सहाच्या आत हवा. घरगुती आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो. तो मिसळ त्या तोटीत येता कामा नये.
- तांब्या-पितळेची भांडी, पितळी नळ, गिझरचं पाणी यांपासून टाकीचं पाणी लांब.
- माशांच्या आजारावरच्या अनेक औषधांत तांबं असतं. जुनी टाकी विकत घेणार असाल तर तिच्यात कधी औषध टाकलं होतं का ते विचारा. सिलिकॉनमध्ये आणि दगडांत ते मुरून बसतं.

दर पंधरा दिवसांनी दहा-बारा टक्के पाणी बदलायचं. माझ्या टाकीत ते १२ लिटर होतं, म्हणजे साधारण ४३० ग्रॅम मीठ. मधल्या काळात आटलेल्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या पाण्याने. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. नवखे खारं पाणी ओतत राहतात आणि महिन्याभरात टाकीचं मिठागर होतं. म्हणून दोन कॅन, निळा गोड्याचा, पांढरा खाऱ्याचा.

५. सहा आठवडे रिकामी टाकी

टाकी भरली, पंप चालू केला, पाणी नितळ दिसलं, तरी प्राणी आणायचा नाही. घाण पचवणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, एक सोललेला तुकडा टाकून ठेवा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. सलग आठवडाभर दोन्ही शून्य राहिले की पाणी बदला आणि मग दुकानात जा. या काळात घरचे विचारतात, “नुसतं पाणीच बघायचं का?” हो.

६. आणायचा दिवस

मला हवा तो गोव्यात मिळाला नाही, मुंबईच्या दुकानातून घेतला. दुकानात घाई करू नका. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतायत का, दोन्ही ठोशाचे पाय आहेत का, कवचावर खड्डे किंवा काळे डाग आहेत का ते पाहा. एक पाय नसेल तर घाबरू नका, पुढच्या कातींमध्ये तो परत येतो. डाग असतील तर घेऊ नका. समोर खायला घालायला सांगा. न खाणारा प्राणी कितीही स्वस्त असला तरी महाग. आणि विचारा, या टाकीत तांब्याचं औषध वापरता का.

नुसत्या पिशवीत आणू नका. मी जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, बरणी थर्मोकोलच्या पेटीत, असा कोकण रेल्वेने मडगावपर्यंत आणला. रात्रभर बरणीतून अधूनमधून टक्‌ असा आवाज येत होता. समोरच्या बर्थवरच्या आजींनी शेवटी विचारलंच, “अरे बाळा, घड्याळ बिघडलंय का तुझं?”

घरी आल्यावर टाकीचं पाणी बारीक नळीने, नळीला सैल गाठ मारून, सेकंदाला दोन-तीन थेंब असं बरणीत सोडा. पाणी तिप्पट झालं आणि दोन्हीकडची घनता सारखी आली की झालं. दीड-दोन तास धरून चला. मग बरणी टाकीत आडवी ठेवून त्याला आपोआप बाहेर जाऊ द्या. बरणीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे बंद. पहिले तीन-चार दिवस तो दिसणारही नाही.

७. खाणं

आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी एक तिसरी (खायचं शिंपलं) किंवा अंगठ्याच्या नखाएवढी कुर्ली, नाहीतर सुंगटाचा तुकडा. गोव्यात बसल्याचा खरा फायदा इथे आहे. मुंबईचा माणूस फ्रोजन पाकिटं शोधत फिरतो, आपण फोंड्याच्या बाजारात जाऊन मूठभर तिसऱ्या उचलतो. कवचासकट देणं चांगलं, ठोसे मारायला काम मिळतं.

तिसरी घट्ट मिटलेली हवी. उघडी असेल आणि टिचकी मारल्यावर मिटत नसेल तर ती मेलेली आहे, टाकून द्या. २०१८ साली मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरतात असा गदारोळ झाला तेव्हापासून मी सोललेली, बर्फातली मासळी त्याला घालायचं कमी केलं; मिटणारी तिसरी आपणच आपला दाखला देते. आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू निघू द्या, मग चिमट्याने बिळापासून हातभर लांब ठेवा.

तो पुढे काय करतो ते बघण्यासारखं असतं. आधी एक डोळा बाहेर. मग दुसरा. झडप घालत नाही. ठुमकत येतो, शिंगांनी तिसरी चाचपतो, उचलून दाराशी नेतो आणि तिथे फिरवून फिरवून एक कड निवडतो. मग स्टीलचा चमचा काचेवर आपटल्यासारखा आवाज. थांबतो, पुन्हा चाचपतो, पुन्हा त्याच जागी. सात-आठ ठोशांत टवका उडतो. रिकामी शिंपलं तो दाराशी रचून ठेवतो, ती सगळी उचलू नका, बीळ बंद करायला त्याला लागतात. उरलेलं मांस मात्र दुसऱ्या दिवशी काढा.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते. मेअखेर बर्फाच्या ट्रेमध्ये सुंगटाचे तुकडे गोठवून ठेवले की चिंता नाही. डब्यावर नाव घाला. आईचा दम मला पाठ आहे: “तुझ्या किड्याचं खाणं वेगळं ठेव रे बाबा, परवा हुमणात पडलं असतं.”

८. हात

परदेशातले मच्छीमार याला ‘थंब स्प्लिटर’ म्हणतात, अंगठा फाडणारा. माझे अंगठे शाबूत आहेत ते या सवयींमुळे:

टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. गोव्याच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात, आणि मीठ साचलेला बोर्ड मँटिसपेक्षा जास्त घातक. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. घरात आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

मग तो कुठे आहे ते डोळ्यांनी पाहायचं. ‘बिळात असेल’ असं धरून चालायचं नाही. तो हल्ला करायला येत नाही, पण बोट खेकड्यासारखं हललं तर तपासायला येतो, आणि त्याची तपासणी म्हणजे ठोसा. काच चुंबकाने घासा, दगड चिमट्याने हलवा. मला हात घालायचाच झाला तर मी आधी एक तिसरी देतो आणि तो ती घेऊन आत गेला की कामाला लागतो.

पकडायचा असेल तर जाळी नको. तिच्यात काटे अडकतात, सोडवायला तुम्ही बोटं घालता, आणि पुढचं सांगायला नको. तो पाइपमध्ये असताना दोन्ही तोंडांवर टोपणं बसवा, तीही चिमट्याने, आणि पाण्याखालून पाइपच बरणीत सरकवा. किंवा बरणी आडवी ठेवून आत खाणं टाका आणि वाट बघा. रबरी हातमोजे ठोसा अडवत नाहीत आणि भालेवाल्याचा काटा तर मुळीच नाही. उलट मोज्यांमुळे आपण धीट होतो.

लागलंच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, दाबून रक्त थांबवा आणि दवाखान्यात जा. जखम वरून छोटी, आतून खोल असू शकते. डॉक्टरांना समुद्राच्या पाण्यातली जखम आहे हे स्पष्ट सांगा; खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग झपाट्याने चढतो, विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांत. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा. आणि काही आठवड्यांनी हातावर बरी न होणारी गाठ उठली तर टाकीचा उल्लेख करायला विसरू नका, टाक्यांमध्ये आढळणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू हे करतो. हाताला कापलेलं असताना टाकीचं काम दुसऱ्याकडे द्या.

९. मच्छरचं मशीन, धुराची गाडी, लादीचं पाणी

मच्छरांवरच्या लिक्विड मशीनमध्ये, कॉइलमध्ये, झुरळांच्या स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड असतं. ते कीटकांसाठी बनवलंय आणि आपला मँटिस कीटकांचा लांबचा भाऊबंद. एअरपंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. हॉलमध्ये हे काहीही लावू नका, खिडक्यांना जाळ्या बसवा, मच्छरदाणी वापरा. पावसानंतर डेंग्यूसाठी धुराची गाडी येते तेव्हा खिडक्या बंद, एअरपंप बंद, टाकीवर ओली चादर, आणि धूर विरेपर्यंत पाणी नुसतं पॉवरहेडने हलतं ठेवा. लादी पुसायच्या फिनाइलचा हात धुतल्याशिवाय टाकीत जाता कामा नये, हे कामाला येणाऱ्या मावशींनाही समजावून सांगा.

१०. मे महिना आणि पावसातली वीज

मे महिन्यात हॉल ३३ अंशांवर जातो, पाणी मागोमाग ३० वर. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. झाकणाला बारीक छिद्रांची जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. मग आटणंही वाढतं, निळा कॅन भरलेला ठेवा. हवा दमट झाली की पंख्याचा परिणाम घटतो. ३० च्या वर वारंवार जात असेल तर चिलर घ्या किंवा टाकी एसीच्या खोलीत हलवा. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका, गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा.

पहिल्या पावसाच्या वादळात झाड तारांवर पडतं आणि वीज रात्रभर जाते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. बॅटरीचा एअरपंप टाकीशेजारीच लटकवून ठेवा, कपाटात नको. वीज नसताना खायला घालू नका.

११. कात

एक दिवस तो बीळ शिंपल्यांनी बंद करून घेईल. खाणं नाकारेल. आठवडा, कधी अधिक. नवखा माणूस घाबरून बीळ उघडतो, आणि तेच त्याच्या जिवावर बेतू शकतं. नवं कवच मऊ असताना त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. मीठ आणि तापमान स्थिर ठेवा, बाकी हात लावू नका.

मग एका सकाळी बिळाबाहेर तो अख्खा पडलेला दिसेल. डोळ्यांसकट, ठोशासकट, पण फिकट आणि पोकळ. माझ्या आईने तो पाहून मला ऑफिसात फोन केला होता, “गेला रे तुझा.” ती कात होती. तिला लगेच उचलू नका, काही वेळा तो थोडी खातो. दोन-चार दिवसांनी दार उघडेल. पुढचा आठवडाभर मऊ खाणं द्या, तिसऱ्या नकोत.

१२. गावी जाताना

चवथीला आम्ही पेडण्याला जातो. धडधाकट, वाढलेला मँटिस दहा दिवस खाण्याशिवाय सहज राहतो. शेजाऱ्याने प्रेमाने घातलेल्या मूठभर सुंगटांनी मात्र पाणी दोन दिवसांत नासतं. कंटाळा आला किंवा बदली झाली तर त्याला मांडवीत किंवा समुद्रात सोडू नका. तो इथलाच असेल असं नाही, त्याच्यासोबत काय रोग जाईल सांगता येत नाही. दुकानदार परत घेतो, किंवा पाळणारा दुसरा शोधा.

घराची किल्ली भाच्याकडे असते. झाकणावर चिकटवलेला कागद जसाच्या तसा देतो, हवा तर उतरवून घ्या:

“झाकण उघडू नये. खायला घालू नये. पाणी लाल रेषेच्या खाली गेलं तर निळ्या कॅनमधलं ओतावं, पांढऱ्यातलं नाही. मच्छरचं मशीन लावू नये. वीज गेली तर उजवीकडचा छोटा पंप चालू करून फोन करावा.”

भाच्याने खाली पेनाने भर घातली आहे: “मामा, तो माझ्याकडे बघत बसतो. भूक लागली असेल.”

लागलेली नसते. बघू दे.